उत्तरेचा दोर

हळ्ळीखेड (बी)
९ फेब्रुवारी

अण्णा,

हे पत्र कामाचं आहे. फोनवर तू मला बंद केलं आहेस. ईमेल केला की तुझ्या ऑफिसातून उत्तर येतं, सर प्रवासात आहेत. वर्षाहून जास्त काळ कुणी प्रवासात नसतं. म्हणून पोस्टाने पाठवते आहे. सकाळची बस धरली तर हैदराबादेत दुपारच्या जेवणाला पोचता येतं. मी आलेले नाही, कारण दार न उघडलेलं मला आवडणार नाही.

सराईचं छप्पर पूर्ण झालं. तू काढलं होतंस तसंच आहे. मधल्या चौकावर बारीक पोलादी खांबांवर उभं, चारही बाजूंनी जुन्या भिंतींपासून वीतभर सुटं, आणि त्या फटीवर काच. दुपारी काचेतून उजेडाची एक पट्टी जांभ्या दगडावरून सरकत जाते. लोक ती बघायला येतात. अभ्यासिकेची टेबलं अजून यायची आहेत, तरी पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं फरशीवर बसून वाचायला लागली आहेत. छपराच्या मधोमध तू ठेवलेलं गोल भोक मोकळं आहे. समितीतल्या काहींना तिथे पत्रा टाकायचा होता. मी टाकू दिला नाही.

आता अडचण. पंचांनी ठरवलंय की यंदा मठाची काठी चौकातच उभी करायची. आपण लहान असताना सराई पडकी होती, म्हणून काठी बाहेर शेतात उभी राहायची. त्याआधी ती चौकात उभी राहत असे, आणि तिचे चार दोर चार घरांची माणसं चार भिंतींच्या माथ्यावर उभी राहून धरत. सगळ्या जत्रेला ती माणसं दिसत. तोच मान. काठी ताडाएवढी उंच, वर पितळी कळस, अंगभर नवसाचे खण आणि लुगडी बांधलेली. वारा लागला की ती सगळी कापडं पतंगासारखी ओढतात.

आपण हिशेब केला तेव्हा हे धरलंच नव्हतं. भिंती फक्त स्वतःचं वजन पेलतील, असं नकाशावर लिहिलं आहे. खाली तुझी आणि माझी सही आहे.

दक्षिण, पूर्व आणि पश्चिम या तीन भिंतींवर माणसं उभी राहिली तर मला काळजी नाही. उत्तरेच्या भिंतीला पोट आलं आहे. आतला भराव सुटला होता. पौषात आम्ही पिचकारीने तिच्या पोटात पातळ चुना भरला. तो वाळायला अजून एक उन्हाळा जाईल. चुन्याला घाई चालत नाही, हे तूच मला सांगायचास.

उपाय सोबतच्या कागदावर काढला आहे. तुझ्या गोल भोकाच्या कडेला एक पोलादी कडं बसवायचं. काठी तळाला खड्ड्यात आणि वर कड्यात, अशी दोन ठिकाणी धरली जाईल. छप्पर वाऱ्यासाठी मजबूत केलेलं आहेच, काठीचा ओढा ते घेईल. मग दोर भोकातून सरळ खाली चौकात सोडता येतील आणि माणसं जमिनीवर उभी राहून धरतील. कडं दिसेल. तुझं भोक आता आहे तसं कोरं राहणार नाही. म्हणून विचारते आहे. आराखडा तुझा आहे, तुझी लेखी संमती हवी.

जत्रा दहा मार्चला आहे. उत्तरेचा दोर आपल्या घराचा. तो यंदा कोण धरणार ते अजून ठरलेलं नाही.

अप्पा बरे आहेत. अव्वाही.

विजयश्री


हळ्ळीखेड (बी)
१७ फेब्रुवारी

अण्णा,

पाकीट पोचल्याची पावती आली. घेताना केलेली सही तुझी नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की दोर कोण धरणार ते ठरलेलं नाही. ते खरं नव्हतं. दोर थोरल्या मुलाने धरायचा असतो. थोरला नसेल तर बापाने. अप्पा भिंतीवर चढणार आहेत. हे लिहिलं तर तुला वाटेल मी तुला त्या कारणाने बोलावते आहे, म्हणून लिहिलं नाही. मी तुला कड्यासाठी लिहिते आहे. अप्पांचा गुडघा असा आहे की घरच्या ओट्याच्या पायऱ्या ते आडवे होऊन उतरतात.

काल मठात बैठक झाली. तू शेवटची बैठक पाहिलीस तीच जागा, तीच सतरंजी. तेव्हा अप्पांनी सगळ्यांसमोर तुझ्या छपराला बसस्टँड म्हटलं होतं, आणि तू म्हणाला होतास, सराईत म्हशी बांधत होता तेव्हा कुठं गेला होता तुमचा मठ. त्यानंतर तू गाडीत बसलास. त्या बैठकीबद्दल घरात कुणी बोलत नाही. काल मात्र सगळ्यांना ती आठवत होती, हे दिसत होतं.

मी सांगितलं की उत्तरेच्या भिंतीवर कुणीही चढू नये. कारण सांगितलं. कागद दाखवला.

अप्पा म्हणाले, "विजी, ही भिंत तुझ्या कालेजाच्या आधीपासून उभी हाय."

मी म्हटलं, "उभी हाय म्हणून पडणार न्हाई, असं असतंय का, अप्पा?"

पूर्वेचा दोर ज्यांच्या घराचा, ते गुरुशांतप्पा मांडी बदलून हसले. "शिवशरणप्पा, तुमच्या घरात दोन इंजिनेर. एकानं छप्पर भित्तीपासून तोडलं. दुसरी आता माणसं भित्तीपासून तोडायलीय."

सगळे हसले. अप्पाही हसले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे बघत राहिले.

मी कड्याचं सांगितलं. दोर खाली चौकात धरा म्हटलं. गुरुशांतप्पा म्हणाले, "खाली उभं राहून दोर धरायला आम्ही काय बैल बांधायलाव, अक्का?" मग पंचांनी ठरवलं: कडं बसवायचं तर बसवा, शोभेला बरं दिसंल, पण माणसं भिंतीवरच उभी राहतील.

कडं मी हुमनाबादच्या वर्कशॉपला टाकलं आहे. तुझ्या संमतीची वाट बघत बसले असते तर वेळेत झालं नसतं. नको असेल तर जत्रेनंतर काढून टाकता येईल, असं नटबोल्टवर केलं आहे. वेल्डिंग कुठेही नाही.

मी दोन दिवस कलबुर्गीला जाते आहे. चुन्याचे नमुने तपासायला द्यायचे आहेत.

विजयश्री


हळ्ळीखेड (बी)
२४ फेब्रुवारी

अण्णा,

कलबुर्गीला दोन दिवसांचं काम होतं. यंत्र बंद होतं म्हणून आठवडा गेला. परत आले ती सरळ सराईत.

उत्तरेच्या भिंतीच्या माथ्यावर सिमेंटचा गिलावा होता. गुळगुळीत, कडेला नक्षीची रेघ ओढलेली. त्यावर ओली पोती पसरलेली. शिडीवर कलाबाई आणि तिच्या बचत गटातल्या बायका एकमेकींच्या हाती घागरी देत होत्या. पाणी पोत्यांवरून भिंतीच्या दोन्ही अंगांनी खाली येत होतं.

मी खालून विचारलं, हे काय चाललंय.

कलाबाई म्हणाली, "सेवा करायलाव, बाई. मानकऱ्याच्या पायाला खडं टोचू नयेत म्हणून पोरांनी शिमिट घातलं. आम्ही पाणी मारायलाव."

"कधीपासून?"

"तू गेलीस तवापासून. सकाळ, संध्याकाळ. एक येळ चुकवलाव न्हाई." आणि मग मायेने, "इंजिनेर हायस आन् तुला ठाव न्हाई व्हय? शिमिटाला पाणी मारावंच लागतंय."

सिमेंटला पाणी मारावं लागतं, हे खरं आहे. इथे प्रत्येक घरात माहीत आहे. नवं घर बांधलं की शेजारीण येता-जाता एक घागर ओतून जाते, तो रिवाज आहे. मी तिला काय सांगणार होते? त्यांनी काम चांगलं केलं होतं. पाणी त्या गुळगुळीत गिलाव्याच्या कडेच्या फटीतून आत उतरलं, आणि आत आमचा न वाळलेला चुना होता. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ. वर सिमेंट, म्हणून वाफ होऊन ते बाहेरही पडणार नाही. भिंत आता जड झाली आहे आणि आतून मऊ. किती मऊ, ते बाहेरून सांगता येत नाही.

मी पोती काढायला लावली. कलाबाईचा चेहरा उतरला. माझं बोलणं कोरडं होतं. ते माझं असतंच.

सुपरवायझर बुद्धरत्न माझ्याबरोबर कलबुर्गीला होता. परत आल्यावर त्याने मला न विचारता चार काचेच्या पट्ट्या आणल्या. भिंतीच्या पोटावर एक लांब भेग गेली आहे, तिच्यावर आम्ही त्या आडव्या चिकटवल्या. भेग हलली तर काच फुटते. आज सकाळी दोन फुटलेल्या होत्या. दोन्ही पूर्वेकडच्या अर्ध्या भागात. पश्चिमेकडच्या दोन शाबूत आहेत.

दोर पश्चिमेच्या टोकाला उभं राहून धरतात. मला यावरून काही निष्कर्ष काढायचा नाही. भिंत एकच आहे.

विजयश्री


हळ्ळीखेड (बी)
२ मार्च

अण्णा,

पोलीस परवानगीसाठी, जागा गर्दीला योग्य आहे असा इंजिनिअरचा दाखला लागतो. तो मी दिला नाही. मला वाटलं होतं तेवढ्याने थांबेल. परवा पंच दुसऱ्या गावाहून एक सही घेऊन आले. त्या इंजिनिअरने सराई पाहिलेली नाही. दाखल्यात भिंतींचा उल्लेख 'पक्क्या' असा आहे.

मी घरी अप्पांशी बोलले. अव्वा भाकरी थापत होती. मी म्हटलं, तुम्ही तेवढं चढू नका, बाकीच्यांना मी बघते.

अप्पा म्हणाले, "मी न्हाई चढलो तर उत्तरेची भिंत रिकामी दिसंल. आख्ख्या जत्रंला."

"दिसू द्या."

"तुला ठाव हाय लोकं काय म्हणायलेत? शिवशरणच्या पोरानं गाव सोडलं, आता बापानं दोरबी सोडला."

"आन् तुम्ही पडलाव तर काय म्हणतील?"

"देवाच्या कामात पडला म्हणतील." आणि ते हसले. खरंच हसले, अण्णा, बऱ्याच दिवसांनी. मी उठले. अव्वा त्यांना कानडीत काहीतरी म्हणाली. मला ऐकू जाऊ नये असं असलं की ती कानडीत हळू बोलते. आपल्या दोघांनाही कानडी येते हे ती त्या वेळी विसरते. ती म्हणाली, तुम्हाला भिंतीवरून तो दिसेल असं वाटतंय का.

आज मी तिसऱ्या काचेवर हात ठेवून बघितला. शाबूत आहे.

इमारत जूनमध्ये समितीच्या ताब्यात जाणार. तोवर ती माझ्या ताब्यात आहे. धोका वाटला तर जुना भाग उतरवायचा अधिकार करारात मला आहे. आराखडाकाराला कळवून. मी कळवते आहे. उत्तरेच्या भिंतीचा वरचा भाग, माणसाच्या छातीपर्यंतची उंची ठेवून, पूर्ण उतरवायचा. प्रत्येक दगडावर क्रमांक घालून बाहेर ओळीने मांडायचा. उभं राहायला माथाच नसेल तर कुणी चढणार नाही.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. नव्याने जुन्याला हात लावायचा नाही, एवढ्या एका वाक्यावर तू ही इमारत उभी केलीस. आराखड्यांच्या स्पर्धेत परीक्षकांनी तेच वाक्य वाचून दाखवलं होतं. मी त्या वाक्यासाठी दोन वर्षं इथे उन्हात उभी आहे. मलाही ते मोडायचं नाही.

याची एक प्रत ऑफिसच्या ईमेलवरही टाकते आहे. पाच तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर सहाला उतरवते.

विजयश्री


हळ्ळीखेड (बी)
७ मार्च

अण्णा,

पाचला तुझा मेसेज आला. 'भिंतीला हात लावू नकोस.' एवढ्या महिन्यांत तू लिहिलेली पहिली ओळ. मी ती पुष्कळदा वाचली. खाली नाव नव्हतं, पण पूर्णविराम होता. पूर्णविराम तूच देतोस.

काल सकाळी आम्ही भिंत उतरवली.

बुद्धरत्न म्हणाला, "म्याडम, उतरवतो. पर लिहून द्या." मी लिहून दिलं. त्याने कागद खिशात घातला आणि खडूने पहिल्या दगडावर आकडा घातला. सिमेंटचा गिलावा काढायला वेळ लागला. खरंच चांगलं काम केलं होतं पोरांनी.

अर्ध्या तासात गाव जमलं. कुणी ओरडलं नाही. इथली माणसं रागावली की गप्प होतात, तुला ठाऊक आहे. कलाबाई येऊन पदर तोंडाला लावून उभी राहिली. गुरुशांतप्पा म्हणाले, "औरंगजेबाच्या फौजंला जे जमलं न्हाई ते इंजिनेर बाईनं केलं." एकदोघे हसले. अव्वा चहाची किटली घेऊन आली. सगळ्या मजुरांना चहा दिला, मला दिला नाही.

आत काय होतं ते सांगते. हे मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही.

पूर्वेच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. तिथे दुसरा थर निघाल्यावर बुद्धरत्नने हात आत घातला, तो कोपरापर्यंत गेला. बाहेर काढला तेव्हा बोटांवरून चुना ताकासारखा ओघळत होता. मजूर आपोआप मागे सरले. तोवर मला बरं वाटत होतं. हो, बरंच वाटलं, दुसरा शब्द नाही. मग आम्ही पश्चिमेकडे सरकत गेलो. मध्यापासून पुढे दगड सुटेना. छिन्नी लावावी लागली. सांधे कोरडे होते. चुना पकडलेला होता, आमचा नवा नाही, जुनाच, चारशे वर्षांचा. पश्चिमेच्या टोकाला, जिथे अप्पा उभे राहणार होते, तिथे भिंत घट्ट होती.

तिथे थांबायला हवं होतं का? अर्धीच उतरवली असती तर अप्पा उरलेल्या अर्ध्यावर चढले असते. ओला भाग सरकला असता तर सुक्यालाही ओढून नेलं असतं, असा एक हिशेब होतो. सुका भाग तसाच उभा राहिला असता, असाही होतो. रात्री दोन्ही करून बघितले. दोन्ही बरोबर येतात. उतरवण्याआधीच एखादं भोक पाडून बघता आलं असतं. पण भोक पाडणं म्हणजेही हात लावणंच होतं, आणि तोवर मी तुझं वाक्य पाळत होते.

मी बुद्धरत्नला म्हटलं, चालू ठेव. त्याने पुढच्या दगडाला खडू लावला. पश्चिमेचे दगडही क्रमांक घालून ओळीने मांडले.

दुपारी अप्पा आले. काठी टेकत त्या ओळीच्या कडेने चालत गेले. शेवटच्या टोकाला ते वाकले, एक दगड उलटा केला आणि त्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत होते. मी काही पावलांवर उभी होते. त्यांनी दगड होता तसा, आकडा वर येईल असा ठेवला. अंगठा धोतराला पुसला आणि घरी गेले.

रात्री जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. पण ते त्याआधीही बोलत नव्हते. त्यामुळे यावरून काही कळत नाही.

विजयश्री


हळ्ळीखेड (बी)
१२ मार्च

अण्णा,

जत्रा झाली. कुणाला इजा नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुला सावकाश वाचता येईल.

उत्तरेची भिंत छातीएवढीच उरल्यावर बाकीच्या तीन घरांनीही भिंतीवर चढायचं सोडलं. एक घर खाली आणि तीन घरं वर, हे कुणालाच चालण्यासारखं नव्हतं. त्यामुळे चारही दोर भोकातून चौकात सोडायचं ठरलं. ठरलं म्हणजे दुसरं काही उरलं नव्हतं. त्याचा राग सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता, आणि मी त्या चेहऱ्यांच्या मध्ये, खड्ड्याजवळ, टोपी घालून उभी होते.

काठी आत आली. आडवी, पन्नासेक खांद्यांवर. हलगी वाजत होती. काठी उभी करण्याआधी चार घरांनी आपापला दोर हातात घ्यायचा असतो. गुरुशांतप्पांनी दोर घेतला नाही. त्यांनी बाहेरच्या ओळीतून एक दगड आणला होता. तो त्यांनी वर धरला आणि हलगीवाल्याला हाताने थांबवलं.

"ह्यो बघा," ते म्हणाले. "उत्तरेच्या भित्तीचा दगुड. ह्याला ओल हाय का बघा. कोरडा ठणठणीत. हाताला चुना लागायलाय का बघा. असल्या भित्तीला पडकी म्हणून पाडलं. शिवशरणप्पा, तुमच्या लेकीला इचारा, कामून पाडली."

सगळा चौक माझ्याकडे वळला. माझ्याकडे उत्तर होतं. पूर्वेच्या अर्ध्याचे फोटो होते, फुटलेल्या काचा होत्या. पण त्या दगडाबद्दल ते खरं बोलत होते. विचारलं असतं तर मी खोटं बोलले नसते. तू मला ओळखतोस. मी म्हटलं असतं, हो, हा दगड कोरडा आहे. आणि मग त्या दिवशी, त्या गर्दीत, पुढे काय झालं असतं ते मला सांगता येत नाही. काठी बाहेर शेतात नेली असती. कड्याशिवाय, त्या वाऱ्यात. किंवा बाकीच्या तीन घरांची माणसं तशीच भिंतींवर चढली असती.

अप्पा पुढे आले. त्यांनी गुरुशांतप्पांच्या हातातून दगड घेतला. आकडा वाचला. अप्पांना तो आकडा भिंतीच्या कुठल्या टोकाचा ते कळलं होतं, मला खात्री आहे.

"ह्यो वरचा थर हाय, गुरुशांता," ते म्हणाले. "वरचा वाळतोच की उन्हात. आतलं मी बघितलो. मी सोता हात घातलो. ह्या इथं." आणि त्यांनी दुसऱ्या हाताने कोपर धरून दाखवलं. "इथवर आत गेला. पूर्वेलाबी आन् पश्चिमेलाबी. तू चढला असतास माझ्या संगं, तर आज दोघांचं दिवस घातलं असतं पोरांनी."

कुणीतरी हसलं. गुरुशांतप्पा म्हणाले, "तुम्ही हात घातलाव?"

"व्हय."

"मंग आधी कामून बोलला न्हाईत?"

"माझ्या लेकीनं सांगितलं हुतं. पुन्ना मी कशाला सांगू?"

अप्पांनी हात घातला नव्हता. कोपराची गोष्ट बुद्धरत्नची, मजुरांकडून ऐकलेली असणार. मी तिथे होते, ते फक्त वाकले होते. घातला असता तरी पश्चिमेला बोटही आत गेलं नसतं. हे अप्पांना माहीत आहे आणि मला माहीत आहे, आणि आता तुला. मठाच्या काठीसमोर, विभूती लावलेल्या कपाळाने, ते खोटं बोलले. तुला त्याचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त कळेल. तुला लहानपणी एका पेरूवरून खोटं बोललास म्हणून त्यांनी उन्हात उभं केलं होतं.

गुरुशांतप्पांनी आपला दोर घेतला. दुसऱ्या दोघांनीही. अप्पांनी उत्तरेचा घेतला. काठी उचलायला सुरुवात झाली, कळस भोकातून तिरका वर गेला, आणि तळ सरकत येऊन खड्ड्यात बसला. कड्याला आम्ही काथ्याची गादी लावली होती. काठी तीत बसली तेव्हा एक जाड आवाज आला. मी छपराकडे बघत होते. ते हललं नाही. मग वर वारा लागला आणि कापडं ओढायला लागली. कड्यामुळे खाली दोरांवर फारसा ओढा नव्हता, तरी थोडा होता. दुसऱ्या घरांकडे तरणी माणसं होती. आपल्या दोरावर अप्पा एकटेच होते. त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

मग त्यांनी शेजारच्या पोलादी खांबाला दोराचा एक वेढा दिला. कुणाला न विचारता, खळ्यावर गाडीचा दोर बांधताना देतात तसा. खांबाने ओढ घेतली आणि अप्पांच्या हातात नुसतं टोक उरलं. आरती होईपर्यंत ते तसे उभे होते, पाठ खांबाला टेकून, गुडघा थोडा वाकवून.

खांबांना काहीही बांधायचं नाही, असं मी स्वतः समितीला लेखी दिलं होतं. मी तिथून दहा पावलांवर होते. मी गेले नाही. नंतर हिशेब केला, त्या खांबाला तेवढा भार चालतो. पण आधी गेले नाही, हिशेब नंतर केला. हा क्रम मला तुला सांगायचा होता.

आता कामाचं. छपराची काच कुठेही तडकलेली नाही. कडं काढायचं की ठेवायचं ते कळव. उत्तरेची भिंत परत बांधायची आहे. दगड क्रमाने मांडलेले आहेत, वर ताडपत्री आहे. जुन्यासारखी बांधायची, की खाली जुनी ठेवून वर तुझं काही यायचं, ते मला ठरवता येत नाही. मी एकटीने काढली तर ती फक्त मजबूत होईल.

आणखी एक. त्या खांबावर, छातीच्या उंचीवर, दोराने रंग खरवडून गेला आहे. बोटभर रुंद, पूर्ण वेढा. खाली पोलाद दिसतं. नियमाप्रमाणे लगेच रंगवायला हवं, नाहीतर मृगाआधी गंज धरेल. बुद्धरत्न रंगाचा डबा घेऊन दोनदा आला होता. मी त्याला परत पाठवलं.

आधी तू येऊन बघ.

विजयश्री